सालीसकट लिंबाचं दुधाळ सरबत, कडू न होता कसं करायचं?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी, मडगावला नणंदेच्या शेजारणीकडे एक सरबत प्यायले, पांढरट हिरवं, वर फेस, लिंबाचंच पण दुधासारखं मऊ लागत होतं. ती म्हणाली ब्राझीलचा प्रकार आहे, तिकडे सगळीकडे मिळतो, अख्खी लिंबं सालीसकट मिक्सरला लावायची आणि कंडेन्स्ड मिल्क घालायचं. एवढं सांगेपर्यंत पाहुणे आले आणि बोलणं तिथेच राहिलं. आता मे महिन्यात आमच्याकडे पुण्याची फौज येणार आहे, उकाडा तर तुम्ही बघताच आहात, अंघोळ करून बाहेर आलं की परत घाम. तर विचारायचं होतं, सालीने कडू नाही का होत? साधं दूध घातलं तर चालेल का? आणि सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येईल का, कारण ऐनवेळी दहा जणांचं करत बसायला मला होणार नाही.

पणजीचा_बाब
ताई, हे आमच्याकडे उन्हाळाभर चालू असतं. कागदी लिंबं घ्या, पातळ सालीची, जाड सालीची अजिबात नको कारण कडूपणा मुख्यतः सालीखालच्या पांढऱ्या भागात असतो. चार लिंबं चांगली घासून धुवा, दोन्ही टोकं उडवा, चार फोडी करा, मधली पांढरी शीर आणि बिया काढून टाका, बी एकसुद्धा राहू देऊ नका. मग तीन कप गार पाणी आणि अर्धा कप साखर घालून मिक्सर नुसता टुकटुक करत चार-पाच वेळा फिरवा, बटण दाबून धरायचं नाही. साल फक्त फुटायला हवी, पेस्ट झाली की संपलं. लगेच गाळा, गाळताना चोथा चमच्याने दाबू नका, हावरटपणा केला की तो सगळा कडूपणा खाली उतरतो. गाळलेलं परत भांड्यात ओतून तीन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क आणि बर्फ, आणि आता हवं तेवढं फिरवा, फेस येतो तो इथेच.

लॅबवाली
दुधाबद्दल. साधं दूध नको, फाटणारच. दुधातलं केसीन, म्हणजे त्यातलं मुख्य प्रथिन, साधारण ४.६ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) आलं की साकळतं आणि लिंबाचा रस असतो २ ते २.५ च्या आसपास, म्हणजे आपण पनीर करतो तेच. कंडेन्स्ड मिल्क आटवलेलं असतं, साखर भरपूर आणि पडतंही थोडंच, त्यामुळे गुठळ्या न दिसता नुसता दाटपणा येतो. पण तेही तासाभराने खाली-वर वेगळं व्हायला लागतं, म्हणून सकाळी करून ठेवायचा विचार सोडा. शिवाय लिंबूवर्गातल्या फळांचा रस काढून ठेवला की त्यात लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होत जातं, काढल्या काढल्या छान लागलेला रस दुपारी कडवट लागतो तो त्यामुळे. दहा जणांचं करायचं तर फोडी करून, बिया काढून डब्यात ठेवा, साखरेचं पाणी गार करून ठेवा, मिक्सर पाहुणे बसल्यावर लावा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोंडेकरीण
वा, हे जमेल! पण आमच्या सासूबाई दूध घेत नाहीत, पचत नाही त्यांना. त्यांच्यापुरतं काही?

साळगावची_आत्या
अगो नारळ आहे ना! आपण गोंयकार आणि हे विचारायचं होय 😄 सोलकढीत एवढं आंबट आमसूल पडतं, तिथे नारळाचा रस कुठे फाटतो? दाट पहिला रस काढ, लिंबाचं पाणी वरच्यासारखंच गाळून घे, साखर जरा वाढव कारण कंडेन्स्ड मिल्कची गोडी जाते, आणि मग रस घाल. चिमूटभर मीठ विसरू नको. फक्त एक, फार गार करू नको. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं ना, बर्फ जास्त झाला की वर तुपासारखे कण येतात आणि ओठाला चिकटतात. माझ्या मते तर हेच जास्त चांगलं लागतं, डब्याच्या दुधाला एक ठरावीक चव असते ती लिंबाला दाबते, पण मुलांना डब्याचंच आवडतं, त्याला काय करणार.

पणजीचा_बाब
आत्या बरोबर बोलतात, पण डबा उघडलाच असेल तर उरलेलं त्यातच ठेवू नका, काचेच्या बरणीत काढा आणि दोन दिवसांत सेर्रादुरा, म्हणजे आपलं थरांचं गार पुडिंग, करून टाका. क्रीम आणि मारी बिस्किटांचा चुरा आणला की झालं.

म्हापशाचो_भुरगो
लिंबं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणा, बायका वाट्याने घेऊन बसतात ती. सुपरमार्केटातली चकचकीत असतात त्यावर कधीकधी मेण असतं, सालीसकट वापरायचं म्हटल्यावर ती नकोच. आणि ब्राझीलचं म्हणून नाक मुरडू नका, आपला काजूही पोर्तुगीजांनी तिथूनच आणला होता. त्यावरून आठवलं, ह्यात उर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, घातला तर?

लॅबवाली
सासूबाईंच्या ग्लासात नको म्हणजे झालं.

साळगावची_आत्या
उर्राकाला दूधही नको आणि नारळही नको रे बाबा, त्याचा वास कशाला ऐकतो? त्याला आपला लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली मिरची. आणि फोंडेकरीण, सोडा सरबतातही घालता येईल, पण मिक्सरात नाही हं, ग्लासात वरून, नाहीतर झाकण उडून छतावर.

फोंडेकरीण
😂 बरं. दोन नारळ आणि एक डबा, दोन्ही आणते. मिक्सरचं काय ते लाइट असेल तर.