कानाच्या मशीनची डबी पॉवर बँकवर चार्ज होत नाही (मुक्काम होडीवर, खाडीत)

पिंजरेवाला:
नमस्कार मंडळी. जयगडच्या खाडीत आमचे जिताड्याचे पिंजरे आहेत. राखणीला मी आणि काका जुन्या लाकडी होडीवर राहतो, दिवाळीपासून मे संपेपर्यंत. दोन पायांचे चोर येतात आणि पाणमांजरंही येतात, त्यामुळे रात्री होडी सोडता येत नाही. पलीकडे 1200 मेगावॉटचं औष्णिक केंद्र रात्रभर झगमगत असतं आणि इकडे आम्ही मोबाईल किती टक्के उरला ते बघत बसतो.

सध्या इंजिनच्या 12 व्होल्ट बॅटरीला चिमटे लावून एक छोटा इन्व्हर्टर जोडलाय. त्यावर दोन मोबाईल, हेडटॉर्च आणि काकांचं कानाचं मशीन. पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर पेन्सिल सेलवर चालतं, त्याचं काही नाही. परवा पहाटे ओहोटी लागलेली आणि इंजिन सुरूच होईना. बॅटरी बघतो तर 11.6 व्होल्ट. शेजारच्या होडीवरून बॅटरी उचलून आणली तेव्हा निघालो. काका दिवसभर बोलले नाहीत.

म्हणून 20,000 एमएएचची पॉवर बँक घेतली. मोबाईल होतात. पण कानाच्या मशीनची डबी (मशीन तिच्यात ठेवून चार्ज होतं) रात्री लावून ठेवली की सकाळी जशीच्या तशी, आणि पॉवर बँकेचे तीन दिवे शाबूत. दुकानदार म्हणतो डबी खराब आहे, नवीन घ्या. किंमत ऐकून गप्प बसलो. डबी घरी भिंतीवरच्या चार्जरला नीट भरते. भानगड काय आहे? आणि सोलरची प्लेट घ्यायची तर केवढी?

जुना वायरमन, हर्णै:
डबी घेऊ नका. डबी चांगली आहे, घरी भरते म्हणता तिथेच उत्तर आलं. पॉवर बँक मोबाईलसाठी बनवलेली असते. पलीकडून ओढ फार कमी झाली, साधारण 50-100 मिलीअँपिअरच्या खाली गेली, की तिला वाटतं मोबाईल भरला, आणि ती स्वतःला बंद करून घेते. कानाच्या मशीनची ओढ ती केवढीशी! दुसऱ्या भोकात हेडटॉर्च लावा, म्हणजे ती जागी राहील. टॉर्च भरला की परत झोपेल, पण तोवर डबीचं काम बहुतेक झालेलं असेल. काही पॉवर बँकांचं बटण दोनदा दाबलं की कमी ओढीवरही चालू राहतात, तेही करून बघा.

आता मुख्य दुखणं. मी बावीस वर्षं ट्रॉलरची वायरिंग केली, दर सीझनला हेच बघितलं. इन्व्हर्टर रिकामा चालू असला तरी 5 ते 10 वॉट खातो. रात्रीचे दहा तास धरा, 50 ते 100 वॉट-तास गेले. 5,000 एमएएचचा मोबाईल भरायला वाटेतली गळती धरून 25 लागतात. म्हणजे जेवणारे दोघे मिळून 50 खाणार आणि नुसता वाढपी 100! 12 चे 230 करायचे आणि चार्जरमध्ये परत 5 करायचे, हा उलटा घास कशाला? गाडीत लावतात तसला 12 व्होल्टचा यूएसबी सॉकेट थेट बसवा आणि इन्व्हर्टर घरी न्या. डबीही त्याच सॉकेटवर लावा, तो पॉवर बँकेसारखा झोपत नाही.

इंजिनची बॅटरी मात्र इंजिनलाच ठेवा. ती क्षणभर जोरात ढकलायला बनवलेली असते, रोज खोल उपसली की वर्षभरात मेली समजा. वापरायला दुसरी घ्या, 40 अँपिअर-अवरची पुरे. 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 ला अर्धी. त्याखाली जाऊ द्यायची नाही.

प्लेट 50 वॉटची. दिवसाला 150 वॉट-तासांच्या आसपास मिळतील, तुमचं काम 70-80 मध्ये भागतं. आडवी सपाट बसवा. दक्षिणेकडे तिरकी करा असं कुणी सांगेल, ते घराच्या पत्र्यावर ठीक आहे. नांगरावरची होडी भरती-ओहोटीला तोंड फिरवते, तुमची दक्षिण दुपारी उत्तर झालेली असेल. दोरीची सावलीसुद्धा प्लेटवर पडू देऊ नका, एका कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या प्लेटचा जोर उतरतो.

अलिबागकर:
शिशाची बॅटरी कशाला आता? लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, वजन निम्म्याहून कमी आणि 80 टक्के उपसली तरी चालते.

जुना वायरमन, हर्णै:
चालते, खिसा असेल तर घ्यावी. पण इंजिनच्या डायनॅमोवर थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते आणि डायनॅमो तापून जळतो. मध्ये वेगळा चार्जर लागतो. नुसत्या प्लेटवर भरणार असाल तर प्लेट आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर लिथियमचा घ्या, मग काही त्रास नाही.

मालवणचो झिलगो:
एक सांगतंय. मोबाईलाच्या भोकात खारा पाणी गेला तेव्हा मी तो तांदळात घालून ठेवलंय. काय एक उपयोग झालो नाय, उलट कोंडो आत अडाकलो.

जुना वायरमन, हर्णै:
हा बरोबर बोलतोय. ओलं असताना चार्जर लावलात तर आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. खारं पाणी गेलंच तर मोबाईल बंद करून वाऱ्याला ठेवा. पॉवर बँक आणि केबल झाकणाच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या दाणेदार पुड्या. चिमटे काढून फेकून द्या, वायरच्या टोकाला लग (भोकाची धातूची टोपी) दाबून बसवा, वर व्हॅसलीन. वायर कथिलाचा मुलामा असलेली मिळाली तर तीच घ्या, साध्या तांब्यात खार आतपर्यंत चढतो. बॅटरी मेली म्हणून मला बोलवायचे आणि निम्म्या वेळा दोष जोडात निघायचा.

पिंजरेवाला:
तीन आठवड्यांनी लिहितोय. प्लेट केबिनच्या छतावर आडवी टाकली. मोबाईल आणि पॉवर बँक दुपारीच भरून घेतो, रात्री बॅटरीवर फक्त एक दिवा आणि डबी. सकाळी 12.5 च्या खाली अजून गेली नाही. पाणकावळ्यांना मात्र प्लेट फार आवडली आहे. दव पडलेलं असतं तेव्हाच फडक्याने पुसतो, गोडं पाणी वाचतं.

टॉर्चची युक्ती पहिल्याच रात्री चालली. काका आता सगळं ऐकतात, मी फोनवर बायकोला काय सांगतो तेसुद्धा.

एक राहिलं. बॅटरीला फ्यूज लावला नाहीये. किती अँपिअरचा?

जुना वायरमन, हर्णै:
तीन आठवडे लाकडी होडीत बिनफ्यूजचे झोपलात? 10 चा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. आजच.