पनाश म्हणजे नक्की काय? दिमाख, ऐट, झोक की अजून काही

मंडळी, एका कथकच्या कार्यक्रमाचं इंग्रजी परीक्षण मराठीत करून द्यायचंय आणि एका वाक्यावर अडकलेय. शेवटचा तराणा नर्तिकेने ‘विथ ग्रेट पनाश’ सादर केला असं लिहिलंय. भपका लिहिलं तर त्या बाई मला फोन करून झापतील, शैली लिहिलं तर अगदीच बेचव होतंय, आणि ‘मोठ्या पनाशने’ असं लिहायला हात धजत नाही. शिवाय उच्चार पनाश, पनॅश की पनाचे? आमच्या इथल्या एका बुटीकच्या मालकीणबाई सरळ पनाचे म्हणतात.

*

दिमाखात. संपला विषय.

*

संपला कुठे काका, आत्ता सुरू झालाय :) ताई, आधी उच्चार, इंग्रजीत पनॅश, फ्रेंचमध्ये पनाश, आपल्याकडे दोन्ही चालतात, पनाचे मात्र नको.

शब्द फ्रेंच आहे आणि मूळ अर्थ एकदम ठोस, शिरस्त्राणावर खोचलेला पिसांचा झुपका. लॅटिन पिन्ना म्हणजे पीस, तिथून इटालियनमधून फिरत फ्रेंचमध्ये आला. इंग्रजीत सोळाव्या शतकात आला तोसुद्धा पिसं म्हणूनच, स्टाइल वगैरे भानगड तेव्हा नव्हती. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री, १५९० ची ईव्ह्रीची लढाई, तेव्हा तो सैनिकांना म्हणाला असं सांगतात की निशाणं दिसेनाशी झाली तर माझ्या पांढऱ्या तुऱ्याकडे बघून गोळा व्हा. आता बघा, जो तुरा आपल्या माणसांना लांबून दिसतो तोच शत्रूलाही दिसतो, म्हणजे नुसता नटवेपणा नाही, जिवाशी खेळ आहे. या शब्दाचा सगळा रंग त्या धोक्यात आहे असं माझं मत.

मग १८९७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये एदमाँ रोस्ताँचं ‘सिरानो द बर्जराक’ रंगमंचावर आलं. मोठ्या नाकाचा तलवारबाज कवी, मरताना म्हणतो की माझं सगळं काढून घ्या पण एक गोष्ट मी डाग न लागलेली घेऊन चाललोय, ती कोणती, तर ‘माझा पनाश’, आणि नाटक तिथेच संपतं, तोच शेवटचा शब्द. इंग्रजीत हा ऐटीचा अर्थ रुळला तो ह्या नाटकानंतर. १९०३ मध्ये फ्रेंच अकादमीत प्रवेशाचं भाषण करताना रोस्ताँने खुलासाही केला, पनाश म्हणजे थोरपणा नव्हे, थोरपणात वरून पडणारी भर. आणि पुढे, संकटासमोर थट्टा करणं ही सभ्यतेची परिसीमा आहे असंही म्हणाला.

म्हणून भपका बाद. भपक्याखाली काही नसलं तरी चालतं, पनाशला खाली माल लागतो.

*

वा, मग सरळ ‘तुरा’च का नको? आपल्याकडे तर शब्द तयार आहे, पागोट्यावरचा तुरा, शिरपेचात मानाचा तुरा.

*

नको हो, त्या मानाच्या तुऱ्याचा पेपरवाल्यांनी पार चोथा केलाय, कुणाच्या पोराला स्कॉलरशिप मिळाली की शिरपेचात तुरा. आणि आपला तुरा बक्षीस म्हणून मिळतो, दुसरा कोणीतरी खोवतो, सिरानोचा तुरा त्याचा स्वतःचा आहे. शिवाय मराठीत तुरा म्हटलं की शाहिरांचा कलगी-तुरा आठवतो, कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे आणि तुरेवाले शिवाला, रात्र रात्र सवाल-जवाब. त्यामुळेच दोन पुढारी भांडले की ‘कलगीतुरा रंगला’ अशी हेडलाइन येते. हिंदीत तर ‘उस पर तुर्रा ये कि’ म्हणजे वर आणखी आगाऊपणा. पीस तेच पण प्रत्येक भाषेत वेगळ्या दिशेला उडालं.

*

फ्रान्समध्ये ल्योंला राहतो म्हणून एक अवांतर. इथे कॅफेत ‘पनाशे’ मागितलं तर बिअरमध्ये लेमोनेड घालून देतात. रंगीबेरंगी पिसांच्या झुपक्यावरून मिश्रण असा अर्थ झाला त्याचा. आणि शेजारी स्वित्झर्लंडमध्ये मतदार एकाच मतपत्रिकेवर वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडू शकतो, त्यालाही पनाशाज म्हणतात. तेव्हा ताई, परीक्षणात बाईंनी तराणा बिअर टाकून केला असं होऊ देऊ नका.

*

@काका, दिमाख चुकीचा नाहीये पण जरा गंमत बघा. ‘तिला फार दिमाख आहे’ ही तक्रार आहे. ‘दिमाख दाखवू नकोस’ म्हणजे तर भांडणच. (मूळ तोच दिमाग, मेंदू, तो डोक्यात गेला की आपल्याकडे दिमाख होतो.) पण ‘किल्ला दिमाखात उभा आहे’ म्हटलं की एकदम कौतुक. तोऱ्याचं थोडंफार तसंच, ‘तोरा मिरवते’ म्हणजे नाक वर करून चालते, पण नवीन साडी नेसून पोरगी तोऱ्यात निघाली तर आजीसुद्धा हसते. ऐट, ऐटीत. थाट, थाटात. टेच एकटा तर कोणी बोलतच नाही, टेचात मात्र ऐकू येतं. म्हणजे मराठी माणूस हा गुण कोणाकडे ‘आहे’ म्हणायला कचरतो, पण काम करताना दिसला की मोकळ्या मनाने दाद देतो. इंग्रजीत ‘शी हॅज पनाश’ आणि ‘विथ पनाश’ दोन्ही सुखाने चालतं, मराठीत पहिल्याचं भाषांतर करायला गेलात की बाई घमेंडखोर होणार, दुसऱ्याचं छान होतं. त्यामुळे नाम शोधू नका, ‘त’ लावा.

आणि इंग्रजीत वापरताना, या अर्थाने अनेकवचन नाही आणि रोजच्या वापरातलं विशेषणही नाही, लोक काहीतरी बनवून टाकतात ते कानाला टोचतं.

*

मग फ्लॅम्बॉयंट आणि फ्लेअर? मी तर तिन्ही एकाच डब्यात टाकत होतो.

*

वेगळे आहेत. फ्लॅम्बॉयंटमध्ये ज्वाला आहे, फ्रान्समधल्या पंधराव्या शतकाच्या आसपासच्या गॉथिक चर्चना फ्लॅम्बॉयंट म्हणतात, खिडक्यांमधली दगडी नक्षी ज्वाळांसारखी वळवळते म्हणून, रुआँचं सँ-माक्लू बघा कधी. इंग्रजीत गुलमोहराचंही एक नाव हेच आहे, मे महिन्यात तो बघितला की वेगळं समजवायला नको. यात डोळ्यात भरणं महत्त्वाचं, कधी कौतुक, कधी नाक मुरडणं. फ्लेअरचा तर दिसण्याशी संबंधच नव्हता, फ्रेंचमध्ये तो वास घेण्याचा शब्द, शिकारी कुत्र्याचं नाक. म्हणून फ्लेअर म्हणजे उपजत जाण, ‘फ्लेअर फॉर लँग्वेजेस’, तिथे पनाश चालणारच नाही.

क्रिकेटमध्ये सांगतो. च्युइंगम चघळत, हेल्मेट न घालता सावकाश मैदानात येणारा व्हिव्ह रिचर्ड्स म्हणजे स्वॅगर, अजून एक बॉल खेळला नाहीये पण बोलरचं तोंड सुकलंय. अझरुद्दीनची मनगटं म्हणजे फ्लेअर. आणि पनाश म्हणजे सेहवाग. डिसेंबर २००३, मेलबर्न, १९५ वर असताना सिक्स मारायला गेला आणि कॅच देऊन आउट, द्विशतक हुकलं. दुसरा कोणी असता तर धडा घेतला असता. २००४ च्या मार्चमध्ये मुलतानला गडी २९५ वर, त्याआधी कसोटीत कुठल्याच भारतीयाने त्रिशतक केलेलं नाही, समोर पाकिस्तानचा स्पिनर सकलेन, आणि ह्याने सिक्स मारूनच तीनशे पार केले. एकेक रन काढूनही झाले असते की! ती जी गरज नसलेली भर आहे ना, रोस्ताँ म्हणतो ती हीच.

*

आमच्या संदीप पाटलांना विसरलात. १९८१ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाच्या पॅस्कोचा बॉल डोक्यावर बसून खाली कोसळले आणि पुढच्याच टेस्टला अ‍ॅडलेडमध्ये १७४. वर १९८२ ला ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडच्या विलिसच्या एका ओव्हरमध्ये सहा फोर. याला झोकात म्हणतात.

*

ताई, झोकात! तोल जाईल असं वाटतं आणि जात नाही, तराण्याच्या शेवटच्या चकरा आणि तिहाई (तोच बोल तीनदा घेऊन समेवर येणं) तशाच असतात, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, ती चुकली तर सगळी लाज जाणार आणि बाई हसत हसत समेवर येते. डौल सौम्य पडतो तिथे, आणि रुबाब आला की पोलीस इन्स्पेक्टर दिसायला लागतो.

*

सगळ्यांचे आभार. सध्या असं केलंय: ‘शेवटचा तराणा तर तिने असा काही झोकात केला की समेवर यायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या.’ टाळ्यांचं मूळ परीक्षणात पुढच्याच वाक्यात आहे, मी जोडून घेतलं. संपादकांना झोकात हा शब्द फार घरगुती वाटला तर दिमाखात करीन, पण आधी भांडून बघते.

*

म्हणजे शेवटी दिमाखातच. मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.