लाठ्या पडत असतानाही विद्यार्थ्यांनी हात उचलू नये?

पायवाट:
१९६० साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या उपाहारगृहांत जाऊन बसू लागले. त्याआधी अहिंसावादी कार्यकर्ते जेम्स लॉसन यांनी त्यांची चक्क तालीम घेतली होती. मित्रानंच मित्राला शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून खाली ओढायचं, आणि समोरच्यानं हात उचलायचा नाही. २७ फेब्रुवारीला खरोखरच मारहाण झाली. पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्यांना उचललं, तर रिकाम्या जागांवर पुढची तुकडी येऊन बसली! मे महिन्यात शहरातली अनेक उपाहारगृहं सर्वांना खुली झाली. अहिंसेचे गोडवे गाणारे ही तालीम विसरतात. मला विचाराल तर दडपशाही वाढेल तसा संयमही वाढवावा. एक दगड भिरकावला गेला की सरकारला हवा तो फोटो मिळतो.

काजवा:
तालमीला वेळ कुणी द्यायचा? बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्धचं आंदोलन चिघळलं. १६ तारखेला रंगपूरमध्ये अबू सईद पोलिसांसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि गोळ्यांनी मारला गेला. १८ला इंटरनेट बंद. पुढं समन्वयकांनाच उचललं आणि कोठडीतून आंदोलन मागे घेतल्याचं निवेदन वाचायला लावलं. 'शांत राहा' म्हणणारेच आत, निरोप पोचवायची सोय नाही, मग कुठं हिंसा झाली तर ठपका कुणावर?

उंबरठा:
हाँगकाँग घ्या. ९ जून २०१९ला लाखो लोक शांतपणे चालले, तरी आरोपींना चीनच्या हवाली करू देणारं विधेयक पुढं नेणारच, असं सरकार म्हणालं. १ जुलैला विधिमंडळात घुसलेल्यांनी खांबावर लिहिलं : शांततेचे मोर्चे कुचकामी असतात, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

पायवाट:
@उंबरठा, आणि वर्षभरात राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, तेही लिहा. (केवळ त्या खांबामुळे आला असं मी म्हणत नाही.)
@काजवा, ठपका सरकारवर, मान्य. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे १४०० माणसं मेली, बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. पण ४ ऑगस्टला सिराजगंजमधल्या एका ठाण्यात १५ पोलीस जमावानं मारले, ते कुठल्या खात्यात टाकायचे? दुसऱ्या दिवशी शेख हसीनांना देश सोडावा लागला, कारण सैन्य लोकांवर गोळ्या झाडायला तयार नव्हतं. समोर बंदुका असत्या तर तेच सैनिक कचरले असते?

काजवा:
सैनिक कचरले ते शेकडो मुलं मेल्यावर. म्हणजे तुमच्या हिशेबात आधी पुरेशी प्रेतं पडायला हवीत. ही अट घालणारे आपण कोण, घरात बसून?

सांजसावली:
दोघांचंही वाचतेय. सर्बियात नोव्ही साडच्या स्थानकाचं छत कोसळून माणसं मेल्यावर विद्यार्थ्यांनी महिनोन् महिने मौन पाळत चौक अडवले, शिस्त राखायला स्वतःचे स्वयंसेवक नेमले. तरी ऑगस्ट २०२५ मध्ये वाल्येवोत सत्ताधारी पक्षाचं कार्यालय जळालंच. स्वयंसेवक किती ठिकाणी पुरणार?
कॉलेजात असताना मीही एका मोर्च्यात ते काम केलंय. लाठीमार झाला तर 'खाली बसा' असं ओरडायचं ठरलं होतं. पहिली लाठी शेजारच्या मुलीच्या खांद्यावर पडली आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मागून कुणीतरी चप्पल फेकली. ती मीच फेकली असती, पण माझ्या हातात फलक होता.