पडवीच्या वाशांतले भुंगे: जाती नेमक्या किती?

कातळसडा:
आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडे आत आहे. पडवीचे वासे जुन्या आंब्याच्या लाकडाचे असून, होळीपासून पाऊस लागेपर्यंत त्यांच्या खालच्या अंगाला करंगळी सहज जाईल एवढी गोल भोके पडत राहतात आणि सारवलेल्या जमिनीवर पिवळसर भुसा साचतो. यंदा मी नेमाने पाहायला बसलो, तेव्हा तीन तऱ्हेचे भुंगे नजरेस आले. पहिला पूर्ण काळा आणि अंगठ्याच्या पेराहून मोठा, उन्हात त्याच्या पंखांवर निळी-हिरवी झाक दिसते. दुसराही काळाच, पण छातीवर पिवळीधमक लव असलेला. तिसरा सगळाच शेवाळी-पिवळा, आणि तो भोक कोरताना एकदाही दिसला नाही. अंगणातल्या गिरिपुष्पापाशी एका जागी तरंगत राहतो आणि जवळून चतुर गेला तरी त्याच्या मागे धावतो. या तीन वेगळ्या जाती समजाव्यात का? एका जुन्या पुस्तकात यांचे कुळ अँथोफोरिडी दिले आहे, तर अलीकडच्या लेखांत एपिडी. यांतले बरोबर कोणते? शेजारचे काका म्हणतात की हा माडाचा भुंगा आहे, दिसेल तिथे मारावा. ते पटत नाही, पण खोडून काढण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही.

रानवाटा:
आपण वर्णन इतके नेटके केले आहे की उत्तर देणे सोपे झाले. हे सुतार भुंगे, म्हणजे लाकडात घर कोरणाऱ्या मोठ्या मधमाश्या. जाती तीन नसून बहुधा दोन आहेत. पिवळ्या छातीची काळी ती मादी आणि संपूर्ण पिवळा तो त्याच जातीचा नर. भोक कोरणे, परागकण साठवणे, अंडी घालणे हे सगळे काम मादीचे. नर आपली हद्द राखत तरंगत असतो आणि अंगावर धावून आला तरी त्याला नांगीच नसल्यामुळे काही करू शकत नाही. खात्री हवी असेल तर मेलेला भुंगा भिंगाखाली धरून मिशीचे खंड मोजावेत: नराला 13, मादीला 12. युरोपात बसून पेटीतल्या सुकलेल्या नमुन्यांवरून नावे देणाऱ्या जुन्या अभ्यासकांपुढे नर-मादी एकत्र आलेच नाहीत, त्यामुळे एकाच जातीला दोन-दोन नावे पडली आणि ती निस्तरण्यात पुढच्या पिढ्यांचा बराच वेळ गेला.

या सर्वांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) एकच, झायलोकोपा, म्हणजे ग्रीक भाषेत ‘लाकूड कापणारी’. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी ती 1802 साली मांडली. जगभरात तिच्या सुमारे 470 जाती मानल्या जातात आणि एवढा पसारा हाताळण्यासाठी तिचे उपप्रजातींचे गट पाडले आहेत. आपल्या पिवळ्या छातीच्या भुंग्याचा गट कॉप्टॉर्टोसोमा. त्यात एस्टुआन्स आणि प्यूबेसेन्स या दोन जाती इतक्या सारख्या आहेत की जुन्या नोंदींत त्यांची सर्रास सरमिसळ झाली आहे. म्हणून केवळ छायाचित्रावरून यांपैकी एक नाव ठामपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मोठा काळा मेसोट्रिकिया गटातला, लॅटिपीस किंवा टेन्यूइस्कापा. लॅटिपीस म्हणजे रुंद पायाचा. हे नाव नराच्या पसरट, केसाळ झालरीच्या पुढच्या पायांमुळे पडले, त्यामुळे मादी समोर असेल तर नावाचा काडीचा उपयोग होत नाही.

कुळाविषयी म्हणाल, तर दोन्ही पुस्तके आपापल्या काळी बरोबर आहेत. अँथोफोरिडी हे कुळ पूर्वी स्वतंत्र मानत. 1993 साली रोइग-अल्सिना आणि मायकेनर या कीटकशास्त्रज्ञांनी मधमाश्यांच्या वंशसंबंधांची नव्याने तपासणी केली आणि तेव्हापासून ते एपिडीत, म्हणजे पोळे बांधणाऱ्या मधमाश्यांच्याच कुळात गेले. घाणेरीच्या सुक्या काडीत घर करणारी, मुंगीहून थोडी मोठी, चकचकीत हिरवी-निळी सेराटिना ही या भुंग्यांची त्याच उपकुळातली धाकटी बहीण. ती आपल्या कुंपणातही असेल, फक्त तिला कोणी भुंगा म्हणत नाही.

देवराई:
वरील उत्तरात एक भर घालतो. काळ्या भुंग्याची मृत मादी मिळाली, तर पोटाचा पहिला खंड छातीला जिथे भिडतो तिथे बारकाईने पाहावे. तिथे एक खळगी असते आणि तिच्यात डायनोगॅमॅसस नावाचे फिकट रंगाचे कोळीकीटक दाटीवाटीने बसलेले सापडतात. एका कीटकाने आपल्या शरीरात दुसऱ्या जीवासाठी खास खोली राखावी, याचे मला अजूनही नवल वाटते.

चांदण्या रात्री गुणगुण ऐकू आली तर कानांना भास झाला असे समजू नये. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस या संशोधकांनी भीमाशंकरच्या जंगलात वारस या झाडाच्या फुलांवर काम केले. ही फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन टेन्यूइस्कापा करतो. हा भुंगा मुळात दिवसाचा, पण चांदणे असेल तर रात्रीही उडतो. निक्टोमेलिटा गटातला ट्रँक्विबारिका त्याच्याही पुढचा: तो चंद्र नसलेल्या रात्रीसुद्धा फुले शोधतो आणि त्याच्या कपाळावरचे तीन साधे डोळे चांगलेच मोठे असतात. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी त्याला दिलेले नाव तमिळनाडूतल्या तरंगंबाडीवरून (जुने नाव ट्रँक्विबार) आले आहे, कारण तेव्हा तिथे डेन्मार्कची वखार होती.

माजघर:
काकांच्या म्हणण्यात दोष भाषेचा आहे, त्यांचा नाही. आपल्याकडे ‘भुंगा’ या एकाच शब्दात दोन अगदी वेगळे कीटक बसतात. माडाच्या शेंड्यात शिरून कोवळी पाने कुरतडतो तो गेंड्या भुंगा. त्याच्या पाठीवर कठीण ढापणे असतात, डोक्यावर शिंग असते आणि त्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात वाढते. माड पोखरणारा सोंड्या हाही त्याच ढालपंखी वर्गातला. पडवीतल्या सुतार भुंग्याला मात्र चार पातळ पंख आहेत, आणि तो लाकूड खात नाही, केवळ कोरून बाहेर टाकतो. आत मादी परागकण आणि मधुरसाचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते व भुशाचीच भिंत घालून पुढची खोली सुरू करते. इतके कठीण लाकूड कोरणारा भ्रमर कमळाच्या पाकळ्यांत अडकून पडतो, हा जुना दृष्टांत या भुंग्याचाच आहे.

वाशांची काळजी असेल तर पावसानंतर, भोके रिकामी असल्याची खात्री करून, ती लाकडाच्या भुशाने व डिंकाने बुजवावीत आणि वाशांना तेल किंवा रंग द्यावा. उघडे, सुके, न रंगवलेले लाकूड त्यांना जास्त आवडते. परसाच्या कोपऱ्यात एखादा सुका ओंडका ठेवून पाहावा. एक मात्र सांगतो, वांग्याची फुले कंप पावल्याशिवाय पराग नीट सोडत नाहीत आणि हा भुंगा फुलाला धरून तसा कंप देतो. बहावा आणि रुई यांच्याकडेही त्याची ये-जा असते. म्हणून सरसकट मारणे हे मला शहाणपणाचे वाटत नाही.

कातळसडा:
सर्वांचे मनापासून आभार. काल दिव्याखाली एक पिवळा भुंगा मेलेला सापडला. भिंग आणून दोनदा मोजले: मिशीला 13 खंड आहेत. काकांना शेणखताच्या खड्ड्यातली पांढरी अळी आणि वाशाखालचा भुसा असे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, “मग आमचा तो हा नव्हे.” काळी मादी मात्र अजून हाती लागलेली नाही, त्यामुळे खळगीचे काय ते पाहायचे राहिले आहे.