सांगलीतील घरांचे भाव नेमके कोणाच्या पगारावर ठरतात?

कुपवाडचा नोकरदार

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. हातात ३४,००० रुपये पडतात. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे १६,०००. विश्रामबागेत ९,००० रुपये भाड्याने राहतो. आमच्या मागेच नवीन इमारत उभी राहत आहे. तेथे टू बीएचकेची चौकशी केली असता ८५० चौरस फूट, दर साडेचार हजार, म्हणजे सव्वाअडतीस लाख रुपये आणि वर मुद्रांक शुल्क, नोंदणी व ५ टक्के जीएसटी असा हिशेब मिळाला. सव्वाआठ लाख कसेबसे उभे केले, तरी उरलेल्या ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी २६,००० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे दोघांच्या पगारातला निम्म्याहून अधिक. पुण्यातले मित्र सांगली स्वस्त असल्याचे सांगतात. पुण्याचा पगार मात्र सांगलीत कोणी देत नाही. असे असूनही १४ पैकी ९ फ्लॅट नोंदले गेले आहेत. ते घेते कोण, आणि हे भाव इथल्या उत्पन्नाला धरून आहेत असे आपणांस वाटते का?

गावभागातला

घेते कोण हे इतरांनी सांगावे. भाव विश्रामबागेतच का चढतो, एवढे मला ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. आमच्या तळमजल्यावरील खोलीत विजेच्या बटणांच्या वर वीतभर उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात त्याच रेघेवर ओल फुटते. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले आणि आई म्हणाली, आता सामान माडीवर चढवण्याचे वय राहिले नाही. आमच्यासारखी किती तरी कुटुंबे तेव्हापासून मिरज रस्त्याकडच्या चढावर, म्हणजे विश्रामबागेच्या बाजूला, जागा शोधत आहेत. शहर मोठे दिसते, पण निर्धास्त झोप लागेल अशी जमीन त्यातली थोडीच, आणि सारे गिऱ्हाईक तिच्यावरच येऊन पडते.

दस्तांच्या कामातला

माझा निम्मा दिवस खरेदीखते वाचण्यात जातो. आपण ज्याला इथले उत्पन्न म्हणता, त्यावर घेतलेली घरे मला त्यांत कमीच दिसतात. पुण्या-मुंबईत नोकरीला असलेला मुलगा आईवडिलांसाठी घेतो; तासगावकडचा द्राक्षबागायतदार मुलांच्या शिक्षणासाठी घेतो; विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक देशभर सोन्या-चांदीच्या कामात असतात, त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एक दार हवे असते. एखादी मालमत्ता विकून आलेल्या भांडवली नफ्यावरील कर वाचवण्यासाठी ठरावीक मुदतीत घर घेणारेही असतात, आणि मुदत डोक्यावर आलेला माणूस दरासाठी घासाघीस करत नाही. दिवाळीत एखाद्या नव्या इमारतीच्या वाहनतळावर उभे राहून पाहावे: सांगलीच्या एमएच १० च्या रांगेत पुणे-पिंपरीकडच्या एमएच १२, एमएच १४ आणि अधूनमधून तामिळनाडूची पाटी. एरवी वर्षभर त्या घरांच्या खिडक्या बंदच असतात.

इथल्या पगाराला काय झेपते ते भाडेच सांगते. आपले वर्षाचे भाडे १,०८,००० रुपये. सव्वाअडतीस लाखांवर ते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास पडते आणि कर्ज साडेआठ टक्क्यांनी. भाडे पगारावर चालते, किंमत शिलकी पैशावर. म्हणून भाव अवास्तव आहेत, असे मी आपल्या बाजूने म्हणेन. परंतु घेणारा रोखीचा असेपर्यंत ते आपल्यासाठी उतरतील, असे म्हणणार नाही.

जाता जाता दोन व्यावहारिक गोष्टी. ८५० हा विक्रीयोग्य क्षेत्राचा, म्हणजे जिना-भिंतींसारख्या जागांचा वाटा धरून काढलेला आकडा असणार. चटई क्षेत्र, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, विचारावे आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) नोंदीशी ताडून पाहावे. किंमत ४५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत असेल, तर परवडणाऱ्या घरांचा १ टक्का जीएसटी लागतो, ५ नव्हे.

शामरावनगर

सरसकट अवास्तव म्हणणे मला पटत नाही. विश्रामबागेचा हट्ट सोडल्यास गुंठेवारीत (रीतसर मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागांत) आजही पगारदार माणूस घर बांधतो, मी बांधले. अर्थात नियमितीकरणाच्या कागदासाठी बरेच हेलपाटे घातले, तो हाती येईपर्यंत बँकेने कर्जाला नकार दिला, आणि जुलैत दारासमोर घोटाभर पाणी साचते ते वेगळेच. स्वस्ताईची किंमत मी अशी हप्त्याहप्त्याने फेडतो आहे.

कुपवाडचा नोकरदार

सर्वांचे आभार. काल संध्याकाळी पुन्हा जाऊन विचारले. चटई क्षेत्र ६२० चौरस फूट निघाले, म्हणजे दर ६,१०० च्या पुढे गेला. जीएसटीचा विषय काढताच तेथील गृहस्थांनी ५ टक्क्यांचा कागद निमूट मागे घेतला. किंमत मात्र तीच ठेवली. घरमालकांनी पुढच्या करारात भाडे ५०० रुपयांनी वाढवण्याचे सुचवले आहे. त्यांना होकार कळवला आहे.