नर्सला शिक्षणशास्त्रात पीएचडी करता येते का? (सोलापूर)

सुईवाली_अक्का
नमस्कार. मी पूर्वभागातल्या नागरी आरोग्य केंद्रात नर्स. आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी). आता शिक्षणशास्त्रात पीएचडी करायचं डोक्यात बसलंय. एका ठिकाणी चौकशीला गेले तर सर म्हणाले, "सिस्टर, तुमचा आणि शाळेचा काय संबंध?"

संबंध असा. हजेरीपटावर पोरगी गैरहजर एवढंच लागतं. का, ते मला घरात गेल्यावर दिसतं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. त्या दिवशी पाचवी-सहावीतल्या पोरी घरीच. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली, मग घागरी भरणार कोण आणि पाळण्यातलं बाळ बघणार कोण? मागे एकीचं हिमोग्लोबिन बघायचं होतं. मांडीवर सूप घेऊन विड्यांची तोंडं मिटवत बसलेली. मी बोट धरलं तर म्हणते, "अक्का, करंगळी टोचा, बाकीची कामाला लागतात." पापणी ओढून बघितली तर आत पांढरीफटक. बाई म्हणतात, हिचं वर्गात लक्ष नसतं! शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, पण गोळीचा वार आणि नळाचा दिवस एकच आला की तीही हुकली.

यावर संशोधन करायचंय. वाट सांगा.

निवृत्त_गुरुजी
ताई, विषय चांगला आहे. पण 'लक्ष नाही'चं सगळं खापर रक्तावर फोडू नका. तुमच्या भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. अशी पोरं मराठी शाळेत आली की कितीतरी दिवस तोंडच उघडत नाहीत. वर्गात उभं राहून बघितलंय म्हणून सांगतो.

पेटग्रस्त
नियम सांगतो. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, राखीव गटाला ५ टक्के सूट. २०२२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट अर्ज करता येतो. पण पोस्ट बेसिक दोन वर्षांचं, त्याच्या भरवशावर राहू नका. नोकरी सांभाळून इग्नूचं (मुक्त विद्यापीठ) एम.ए. एज्युकेशन करा, कुठल्याही शाखेची पदवी चालते. पुढे नेट ही पात्रता परीक्षा द्या, २०२४पासून ते गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात.

आणि केंद्राचं रजिस्टर उघडून आकडे काढत बसू नका. ती नोंद उपचारासाठी घेतलेली असते. संशोधनाला पालकांची संमती वेगळी, मुलीचा होकार वेगळा, शिवाय एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात कुणावर अन्याय होत नाही ना हे तपासणारी समिती. नर्स आहात म्हणून घरात शिरता, तिथंच 'संशोधक' म्हणून प्रश्न विचारलात तर ती आई नाही म्हणू शकेल का, हे कमिटी नक्की विचारणार.

जुनी_पानं
त्या सरांना लीना रॉजर्स या नर्सची गोष्ट सांगा. न्यूयॉर्क, १९०२. खरूज, नायटा, खुपऱ्या झालेली पोरं डॉक्टर शाळेतून घरी पाठवायचे आणि ती घरीच राहायची. गरीब वस्तीत नर्सांची सेवा चालवणाऱ्या लिलियन वॉल्डनं रॉजर्सला चार शाळांवर दिलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची, घरी जाऊन आईला दाखवायची. गैरहजेरी धाडकन खाली आली, शहरानं आणखी नर्स नेमल्या. बालशिक्षणाची पद्धत काढणाऱ्या मॉन्टेसोरीबाईसुद्धा मुळात डॉक्टरच. आणि लांब कशाला जायचं, बोर्डीला १९४५मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केलं? पोरं येईनात तर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली.

सुईवाली_अक्का
गुरुजी, तेलुगू माध्यमातल्या पोरीही नळाच्या दिवशी घरीच असतात. तरी भाषेचा रकाना ठेवते. पेटग्रस्त, त्या नाही म्हणणाऱ्या आईचं पटलं. घरच्या मुलाखती दुसऱ्या कुणाकडून घ्याव्या लागतील, तेलुगू येणारी कुणी बघते.

हजेरीपट बघायला परवानगी कुणाची, मुख्याध्यापकांची?

निवृत्त_गुरुजी
मनपाची शाळा असेल तर प्रशासनाधिकाऱ्यांची. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवकचा शिक्का मारून घ्या. परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, कुणी दारात उभं करणार नाही.