पुरात रस्ता तुटला तरी औषधे पोहोचावीत, यासाठी गोदाम कोठे घ्यावे?

घाऊक_औषधविक्रेता

आमचा कोल्हापुरात औषधांच्या घाऊक विक्रीचा व्यवसाय आहे. शहरातील एकाच गोदामातून आम्ही एकीकडे कागल-गडहिंग्लजपर्यंत आणि दुसरीकडे हातकणंगले-इचलकरंजीपर्यंत माल पुरवतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात गोदाम कोरडे राहिले. परंतु शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आल्यामुळे गाड्या नदीच्या अलीकडच्या काठावरच अडकल्या, आणि इचलकरंजीहून इन्सुलिनसाठी येणारे फोन ऐकून घेण्यापलीकडे आम्हाला काहीही करता आले नाही. जुलै 2021 मध्ये तेच पुन्हा घडले. आता गोकुळ शिरगावला मोठी, उंचावरची जागा विकत घेण्याचा विचार आहे. पूररेषेव्यतिरिक्त काय पाहावे?

गणित_आणि_गोदामे

गोकुळ शिरगावची जागा निळ्या आणि लाल, म्हणजे अनुक्रमे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, दोन्ही रेषांबाहेर असली तरी ती आताच्या गोदामाप्रमाणे पंचगंगेच्या दक्षिणेलाच आहे, आणि इचलकरंजी उत्तरेला. म्हणजे आपण सांगितलेली अडचण त्या खरेदीने सुटत नाही.

गोदामे कोठे असावीत हे गणिताने ठरवण्याचा विषय मी बरीच वर्षे शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. 1964 मध्ये हकिमी या संशोधकांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक ग्राहक जवळच्या केंद्राला जोडतात आणि मागणीनुसार भारित केलेल्या अंतरांची बेरीज कमीत कमी ठेवतात. केंद्र कधी बंद पडेल, हा विचार त्यात नाही. स्नायडर आणि डॅस्किन या संशोधकांनी 2005 मध्ये प्रत्येक ग्राहकाला पहिल्याबरोबर दुसरे, तिसरे केंद्रही नेमून दिले आणि पहिले बंद पडण्याच्या शक्यतेनुसार पुढच्या केंद्रापासूनचा खर्च हिशेबात धरला. रोजच्या खर्चात थोडीशी वाढ सोसली तर आपत्तीतील खर्च पुष्कळ कमी करता येतो, हा त्यांचा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आपणही प्रत्येक दुकानापुढे दोन रकाने करावेत: एरवी माल कोठून येतो, आणि ती वाट बंद झाल्यास कोठून येईल.

मात्र त्या मांडणीत केंद्रे एकमेकांशी संबंध नसल्याप्रमाणे स्वतंत्रपणे बंद पडतात, असे गृहीत धरलेले आहे. बंद पडण्याची प्रत्येकी 5 टक्के शक्यता असलेली दोन गोदामे स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता 0.25 टक्के येते. तीच दोन्ही एका पुलावर अवलंबून असतील, तर ती 5 टक्केच राहते. म्हणून दुसरी जागा नदीच्या उत्तरेला, उदाहरणार्थ हातकणंगल्याच्या बाजूला, लहान का होईना, पाहावी.

कागलकर

दक्षिणेचा भागही निर्धोक समजू नये. 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते. गडहिंग्लजच्या दुकानांसाठीही दुसरा रकाना भरावाच लागेल.

परवान्यांची_कामे

औषधांच्या घाऊक विक्रीचा परवाना जागेनिहाय असतो, त्यामुळे दुसऱ्या गोदामासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळा अर्ज करावा लागेल. तेथे संपूर्ण साठा दुप्पट करण्याची गरज नाही. इन्सुलिन, हृदयविकार व रक्तदाबाची औषधे आणि सलाइन एवढे पावसाळ्यापूर्वी हलवले तरी पुष्कळ झाले. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहिले पाहिजे, आणि पुरात वीजही जाते, म्हणून जागेच्या किमतीबरोबरच जनरेटरचा खर्च धरावा. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी 39 फुटांवर पोहोचताच उत्तरेकडची शेवटची गाडी सोडायची, असा नियम आधीच लिहून ठेवावा.

घाऊक_औषधविक्रेता

सर्वांचे मनापासून आभार. गोकुळ शिरगावचा व्यवहार तूर्त थांबवला आहे. काल रात्री दुकानांची यादी घेऊन दोन रकाने आखले. इचलकरंजीच्या एकाही दुकानापुढे दुसऱ्या रकान्यात काही लिहिता आले नाही. रविवारी हातकणंगल्याला जागा पाहायला जात आहोत.